कू लिएन-यिंगचे त्रेसष्ट सेकंद

कू लिएन-यिंगला आम्ही सगळे ताई म्हणायचो. दोन हजार एक साली ती त्रेचाळीस वर्षांची होती. ठेंगणी, केस कानापर्यंत कापलेले, बोलणं कमी. शिनडिएनच्या आमच्या कारखान्यात ती अकरा वर्षं लाइनवर उभी राहून मदरबोर्डांवर सुटे भाग बसवत होती. पुढे डोळे दुखायला लागले. तेव्हा फान ची-हुंगने तिला वर चाचणीच्या खोलीत आणलं. फान तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण आमचा विभागप्रमुख. लोक म्हणाले, शाळेपलीकडे न शिकलेल्या बाईला इथे काय कळणार? फान म्हणाला, "कळायचं नंतर बघू. ही बाई एकच गोष्ट शंभर वेळा करते आणि शंभराव्या वेळीही आळस करत नाही. मला तेवढं पुरे."

आमचं काम सांगायला सोपं. नवा बोर्ड आला की त्यावर प्रोसेसर बसवायचा आणि वेगचाचणीचा प्रोग्राम चालवायचा. हा प्रोग्राम कुणाच्या उपयोगाचा नसतो. त्यात पत्र लिहिता येत नाही, चित्र काढता येत नाही. तो फक्त बेरजा, गुणाकार, इकडचं तिकडे, असली गणितं गरागरा फिरवत बसतो. साठ सेकंदांत किती फेरे झाले ते मोजतो आणि शेवटी एक आकडा पडद्यावर टाकतो. बस, तेवढाच आकडा. पण मासिकं तोच छापायची आणि दुकानातली पोरं तोच तोंडपाठ म्हणून दाखवायची. ताई प्रत्येक चाचणी पाच वेळा करायची, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडायची आणि उरलेल्या तिनांतला मधला लिहायची. मी शेजारच्या टेबलावर नेटवर्कच्या चाचण्या करायचे. माझं नाव आ-फेन.

त्या वर्षी मार्चमध्ये आमचा नवा बोर्ड आला. स्पर्धक कंपनीच्या बोर्डाचा आकडा होता बाराशे एकतीस. आमचा आला बाराशे चौसष्ट. जनरल मॅनेजर शिहसाहेब स्वतः खोलीत आले. कुणीतरी यंत्रावर हिरव्या पुड्यातला मक्याचा खाऊ ठेवला होता. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखा वाग', म्हणून तो यंत्रांवर ठेवायचा. साहेबांनी पुड्याकडे बघून हात जोडले आणि आम्ही सगळे हसलो.

ताई हसली नाही. तिला त्या यंत्राचं घड्याळ खटकत होतं.

आमच्याकडे साडेपाचला सुटीची घंटा व्हायची, आणि ती चुकायची नाही. पण घंटा वाजली की त्या यंत्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाच अठ्ठावीस दाखवायचं. माझं यंत्र बरोबर, ताईचं मागे. तिने बोर्डावरची बॅटरी बदलली. फरक नाही. पुन्हा बदलली. तरी नाही.

"बंद करून सुरू कर ना," मी म्हटलं.

"तेच तर, आ-फेन. बंद करून सुरू केलं की वेळ बरोबर येते. म्हणजे बॅटरीचं घड्याळ ठीक आहे. चालू असताना कुणीतरी मध्ये सेकंद खातंय."

"खाणार कोण? मी नाही बाई."

ती वहीत काहीतरी लिहीत राहिली.

मंगळवारी दुपारी जेवण झालं, दिवे मालवले, आणि सगळे नेहमीसारखे टेबलावर हातांची उशी करून झोपले. मी डोळे मिटले होते, पण मला एक बारीक टिक् ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. बघते तर ताई अंधारात पडद्यासमोर बसली होती, आणि हातात स्टॉपवॉच. बीथानच्या तलावावर होड्यांच्या शर्यती होतात, तिथे ती दरवर्षी वेळ घ्यायची, तेच ते घड्याळ. प्रोग्राम सुरू झाला की टिक्, साठ सेकंद संपले असं यंत्राने सांगितलं की टिक्.

मी खुर्ची सरकवून तिच्याजवळ गेले. तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं. त्रेसष्ट.

"अंगठा चुकला असेल," मी कुजबुजले.

"पाच वेळा? माझा अंगठा दशांशाने चुकतो, आ-फेन. तीन सेकंदांनी नाही चुकत."

मग तिने केलं ते माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. तिने त्या प्रोग्रामचं नाव बदललं. दुसरं काही नाही, फक्त फाइलचं नाव. त्याला स्वतःच्या मांजराचं नाव दिलं आणि पुन्हा चालवला. टिक्. टिक्. हातातल्या घड्याळात साठ सेकंद. पडद्यावर आकडा, बाराशे चार.

बोर्डाबरोबर जी सीडी द्यायची होती, तिच्यातला एक छोटा प्रोग्राम चाचणीचं नाव ओळखत होता. नाव दिसलं की तो यंत्राचं घड्याळ हळू करायचा. यंत्राला वाटायचं साठ सेकंद झाले, खरे व्हायचे त्रेसष्ट. जास्तीच्या तीन सेकंदांतले फेरेही मोजले जायचे. आणि सीडीतला तो प्रोग्राम फानने लिहिला होता.

बुधवारी ताईने त्याला जिन्यात गाठलं. मी तिच्या मागे दोन पायऱ्या वर उभी होते. चारचौघांत ती त्याला फानसाहेब म्हणायची. तिथे म्हणाली नाही.

"ची-हुंग, घड्याळाचं काय केलंस?"

तो हसायला गेला, पण हसू जमलं नाही. "ताई, बघितलंत तर."

"बघितलं. का केलंस?"

"चिप त्यांची नि आपली एकच. बोर्डाबोर्डांत फरक पडतो तो एक टक्का, दोन टक्के. साहेब म्हणाले, आकडा त्यांच्या पुढे गेलाच पाहिजे. कुठून आणू? आणि मला सांगा, त्या प्रोग्रामवर कोण काम करतं? तो कुणाच्या घरी चालतो? कुणाचं काय बिघडलं?"

"लोक त्या आकड्यावर बोर्ड घेतात."

"घेऊ देत. बोर्ड चांगलाच आहे."

"चांगला आहे तर खरा आकडा लाव."

फान कठड्याला टेकला. "उद्या जपानी गिऱ्हाईक येतंय. आता काढलं तर साहेब विचारतील, काल चौसष्ट होते ते आज चार कसे? मी काय सांगू? ताई, तुम्हाला वर मी आणलं. एवढं एकदा गप्प राहा."

ताई म्हणाली, "तू आणलंस हे मी विसरले नाही. पण त्याचा दाखला देऊन मला गप्प नको करूस." आणि ती खाली गेली.

चाचणीच्या कागदावर ती करणाऱ्याच्या नावाचा शिक्का लागतो. आमचे सगळ्यांचे शिक्के कार्यालयातल्या एका खणात असायचे. घाईच्या वेळी कुणीही काढून उमटवायचं, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. त्या संध्याकाळी ताईने खणातून स्वतःचा शिक्का काढला आणि खिशात टाकला. खण अडकला, तिला एका हाताने बंदच करता येईना. मी बंद केला.

गुरुवारी दहाला कुनिमोतो आले. साठीचे, पांढरे केस, अंगाने काटक. त्यांच्या साखळी-दुकानांसाठी बोर्ड घ्यायचे होते. बैठकीच्या खोलीत यंत्र मांडलं होतं, ते चालवायला मी. फान भिंतीपाशी उभा. शिहसाहेब जपानीत बोलत होते, ती भाषा त्यांना घरातूनच आलेली. आकडा आला, बाराशे चौसष्ट. साहेबांनी कागद पुढे केला. कुनिमोतोंनी तो वरून खालपर्यंत वाचला आणि तळाच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

शिक्का नव्हता.

साहेब फानकडे वळले. "शिक्का कुठाय?"

"खणात नाही," फान म्हणाला.

कुनिमोतोंनी काहीतरी विचारलं. साहेब ओठ आवळून मला म्हणाले, "चाचणी कुणी केली विचारतायत. जा, कूबाईंना बोलाव. आणि सांग, शिक्का घेऊन या, तोंड बंद ठेवून."

मी तसंच सांगितलं. ताईने उठून कपडे झटकले, जणू लग्नाला निघाली आहे. खोलीत येऊन तिने वाकून नमस्कार केला आणि सावकाश बोलली. "चाचणी मी केली. यंत्राचं घड्याळ साठ सेकंद दाखवतं तेव्हा हातातलं त्रेसष्ट दाखवतं. म्हणून मी शिक्का मारला नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यांनी हसून जपानीत भाषांतर केलं. कुनिमोतोंनीही हसून मान डोलावली.

मला जपानी येत नाही. पण ताईचे वडील, इथे जपान्यांचं राज्य होतं तेव्हा, त्यांच्या शाळेत शिकलेले. मरेपर्यंत त्यांनी घरात अंडी मोजली, कोंबड्या मोजल्या, त्या जपानीतच. आकडे तिला ओळखू यायचे. साहेबांच्या त्या एवढ्या लांब वाक्यात एकही आकडा आला नव्हता.

"साहेब, तुम्ही साठ म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"कूबाई, या तुम्ही आता."

"त्रेसष्टही म्हणाला नाहीत."

"बाहेर व्हा म्हणतो ना! अंगठ्याने संगणक तपासता का हो तुम्ही? नाव काय, हुद्दा काय, काही आठवतं का?"

साहेब हे चिनीत बोलत होते, पण आवाज काय कुणालाही कळतो. कुनिमोतोंचं हसू मावळलं. ताई दारापर्यंत गेली. मला वाटलं, संपलं. फानने श्वास सोडलेला मला ऐकू आला. तेवढ्यात ती वळली, टेबलाशी आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या कागदाच्या समासात दोन ओळी लिहिल्या. यंत्राचं घड्याळ, साठ सेकंद. हातातलं घड्याळ, त्रेसष्ट सेकंद. आमची अक्षरं जपान्यांना वाचता येतात. त्या दोन ओळींखाली तिने खिशातला शिक्का काढून दाबला. शाई नव्हती. तिने तो तोंडाशी नेऊन हा हा करून वाफ दिली आणि पुन्हा दाबला. जुन्या शाईचा फिकट गुलाबी ठसा कसाबसा उमटला.

कुनिमोतोंनी वाचलं. दोनदा. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मला खूण केली. सुरू कर.

मी साहेबांकडे बघितलं, फानकडे बघितलं. कुणी अडवलं नाही. मी कळ दाबली.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. कुनिमोतोंचा काटा फिरत होता. साठावर आला तेव्हा प्रोग्राम चालूच होता. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टाला पडद्यावर आकडा आला.

कुनिमोतोंनी घड्याळ परत बांधलं, पट्ट्याचं बक्कल नीट लावलं. कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि गेले. जेवणाचं टेबल आधीच सांगून ठेवलेलं होतं, तिकडे ते फिरकलेच नाहीत.

साहेब ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी एवढंच विचारलं, "हिला कुणी सांगितलं?"

फान भिंतीपासून पुढे आला. "कुणी नाही. मी लिहिलं ते तिनं शोधलं."

सोमवारपासून ताईला खालच्या मजल्यावर पाठवलं, खोक्यात बोर्ड, तार, पुस्तिका भरून चिकटपट्टी लावायला. जपानहून मागणी आली नाही, कधीच नाही. कारखान्यात अर्धे लोक तिच्याशी बोलेनासे झाले. एकदा जिन्यात कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हिच्या अंगठ्यापायी या वर्षीचा बोनस गेला." ती ऐकून न ऐकल्यासारखी करून गेली. घरी मात्र तिला जेवण जात नव्हतं, हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं.

पाचव्या आठवड्यात मी तिच्याबरोबर जेवायला खाली बसले होते, तर फान आपला डबा घेऊन आला. विचारलं नाही, बसला. त्याने आपल्या भातावरचं सोया सॉसमध्ये शिजवलेलं अंडं उचलून तिच्या डब्यात ठेवलं. ताईने त्या अंड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि अर्धं अंडं तोडून त्याला परत दिलं.

"सीडीतून काढलंस का ते?"

"त्याच दिवशी काढलं."

"मग खा गपचूप."

मे महिन्यात परदेशातल्या एका मासिकाने दुसऱ्याच एका कंपनीची असलीच लबाडी पकडून छापली. त्या कंपनीचे बोर्ड गाड्या भरून परत आले. आमच्याकडे ते मासिक या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं, आणि दोन दिवस शिहसाहेब आपल्या खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः खालच्या मजल्यावर गेले. ताईच्या जागी वर बसवलेल्या माणसाचे आकडे रोज वेगळे यायचे, आणि आता मासिकवाले सगळ्यांच्याच आकड्यांवर डोळा ठेवून होते.

"कूबाई, वर या," ते म्हणाले. माफीबिफी काही नाही.

"एवढी खोकी झाली की येते," ती म्हणाली. साहेब तिथेच उभे राहिले. तिने उरलेली अकरा खोकी सावकाश बंद केली, हात धुतले आणि मग वर आली.

आमचा बोर्ड बाराशे चारवरच बाजारात गेला, स्पर्धकाच्या मागे. बरा खपला, फार नाही. फान पुढच्या वर्षी शिनजूच्या एका कंपनीत गेला. ताई आणखी सहा वर्षं त्या खोलीत राहिली, चाचणी विभाग समुद्रापलीकडे सूजौला हलवेपर्यंत. तिकडे यायचं का, असं तिला विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. आता तिची नात पोहायला शिकते आहे आणि ताई रोज काठावर बसून तिच्या फेऱ्या मोजते. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, त्या दिवशी दारातून परत का वळलीस?

"दार जड होतं ग," ती म्हणाली. "एका हाताने उघडेना, दुसरा खिशातल्या शिक्क्यावर होता. उभी राहिले तेवढ्यात वाटलं, लिहूनच टाकावं."