सोवळ्यातले हात

नखांच्या अक्का माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हात बघत. जळगावच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात त्या मुख्य परिचारिका होत्या आणि आम्ही त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ मुली. रोज सकाळी रांगेत उभं करून आमची नखं तपासत. जराशी काळी कड दिसली की म्हणत, "एवढ्याशा मळात बाळंतिणीचं मरण मावतं. जा, काप." 'नखांच्या अक्का' हे नाव आम्हीच त्यांना ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

शिकवणं साधं. "जखम लाल झाली, गरम झाली, सुजली, ठणकली, म्हणजे अंग लढतंय. त्याला लढू द्या. आपण बाहेरून नवी घाण नेऊन घालायची नाही." मी एकदा विचारलं, एकाच हाताची घाण दोघांना लागली तर एक वाचतो आणि दुसरा जातो, असं का? अक्का म्हणाल्या, "कुणाचं अंग किती लढेल, ते तुला आधी दिसतं का? नाही ना? मग हात बठ्ठ्यांसाठी, सगळ्यांसाठी धुवायचे."

म्हणून वॉर्डाच्या दाराशी त्यांनी घंगाळ आणि कार्बोलिक साबण ठेवला होता. हात धुतल्याशिवाय आत कुणी नाही, मग तो कुणीही असो.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक होते. त्यांची सून बाळंत झाली तेव्हा त्यांची आई पणतू बघायला आली, रेशमी सोवळ्यात, हातात कुलदेवीचा अंगारा. सकाळीच तिने अध्यक्षांच्या पाठीवरचं पिकलेलं गळू पिळलं होतं, हे तिनेच कौतुकाने सांगितलं. अक्कांनी घंगाळाकडे बोट केलं. म्हातारी कडाडली, "मी आंग धोईसन उनू. माले कोन्ही शिवेल नही. तुना साबणले मी हात नही लावस!"

"आजी, तुम्हाले कोन शिवनं ते मी नही इचारत," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कोनले शिवनात, ते सांगा."

म्हातारी तरातरा परत गेली. संस्थेच्या कमिटीने अक्कांना अध्यक्षांच्या घरी जाऊन माफी मागायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागते. आधी आजींनी हात धुवावेत." झालं! त्यांना काढून टाकलं. रोज त्यांचं ऐकणारे डॉक्टर त्या बैठकीत खाली मान घालून बसले होते. त्याच संध्याकाळी घंगाळही उचललं गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी हात न धुताच थाटात आत आली. पणतवाच्या बेंबीला अंगारा लावला, आणि मोठ्या मनाने शेजारच्या खाटेवरच्या बाळालाही. ती बाई सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली मजूर. बिचारीने हात जोडले. दोन्ही बेंब्या लाल झाल्या, सुजल्या. अध्यक्षांचा नातू तापातून उठला. मजुरणीचं पोर गेलं.

आणि लोक काय म्हणाले? कुलदेवीने पणतू राखला! आपल्या सोवळ्याला यश आलं, असं म्हातारी गावभर सांगत फिरली. त्या मजुरणीला मात्र, "तुझं नशीब." आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना माझं डोकं तापतं. नशीब कसलं? ते पोर माणसांनी मारलं होतं, आणि मारणाऱ्यांचे पेढे आम्हाला वाटले होते. मी ते गटारात टाकले.

सुटीच्या दिवशी गाडीने अमळनेरला गेले. अक्का भावाकडे राहत होत्या. अंगणातच मी रडत सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेतील, कमिटीला शिव्या घालतील. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "आता दाराशी कोण उभं असतं?"

"कुणीच नाही."

"मग तू इथं काय करतेस?"

पाणीसुद्धा न पिता मी परतीची गाडी धरली.