फसलेल्या ऑपरेशनचा दाखला

हौसाने आयुष्यात एकच हट्ट केला, तोही एका कागदासाठी. सोनं मागितलं नाही की माहेरी दोन दिवस जास्त मागितले नाहीत. नवऱ्याचं ऑपरेशन फसलं आहे, एवढं कोणीतरी लिहून द्यावं, इतकंच तिचं मागणं होतं.

मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून शेताच्या बांधाने आत गेलं की तिचं घर. नवरा बारकू, सासू बाईजा आणि दोन मुली. पंचाण्णव साली शाळेत नसबंदीचं शिबिर भरलं. तेव्हा गुरुजींनाही माणसं आणायचं टार्गेट असायचं, आणि गुरुजींची दोन माणसं कमी पडत होती. बारकू मुलीच्या दाखल्यासाठी शाळेत गेला आणि संध्याकाळी बादली, घोंगडी आणि टाके घेऊन परत आला. लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारून टाळ्याही वाजवल्या होत्या. सगळ्या गावाला कळलं. बारकूने त्यानंतर महिनाभर पारावर जाणं टाळलं.

अठ्ठ्याण्णवला हौसाला दिवस गेले.

विहिरीवरच्या बायका हिशेबात पक्क्या. तिच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण हौसा तिथे गेली की बोलणं थांबायचं आणि ती पाणी भरून वळली की पुन्हा सुरू व्हायचं. बाईजा तर घरातच होती. ती म्हणाली, "माज्या पोराचं कापलंय, सगल्या गावाने बघलंय. मंग ह्यो आला कुठून?"

हौसाने बारकूला पायजमा घालायला लावला आणि मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

सरकारी दवाखान्यात बसायला बाक होता, पण त्यावर आधीच एक खोकणारं कुटुंब होतं. केसपेपरची खिडकी, मग दुसरी खिडकी, मग "जेवणानंतर या". जेवणानंतर बारकूच्या हातात एक छोटी बाटली दिली आणि काय करायचं ते कंपाउंडरने त्याच्या कानात सांगितलं. बारकूने दोनदा विचारलं, कारण सरकार असलं काही मागेल यावर त्याचा विश्वास बसेना. संडासाला कडी नव्हती. हौसा बाहेरून दार धरून पाऊण तास उभी राहिली. लोक येऊन विचारायचे, "कोन हाय आत?" ती म्हणायची, "सरकारी काम चालू हाय."

डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, मग कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढायला लावलं. त्यात बारकू होता. नाव, गाव, तारीख, ज्याने कापलं त्या डॉक्टरची सही, सगळं. डॉक्टर म्हणाले, "फसलंय हो. होतं असं कधीकधी." आणि लिहून दिलं: शस्त्रक्रिया अयशस्वी. खाली सही, वर गोल शिक्का.

हौसाने तो कागद ग्रामसभेत ग्रामसेवकाकडून मोठ्याने वाचून घेतला. विहिरीवरचं बोलणं बंद पडलं. मुलगा झाला, भगीरथ नाव ठेवलं, आणि नातू मिळाल्यावर बाईजाने सरकारच्या चुकीबद्दल कधी तक्रार केली नाही.

इथवर गोष्ट सरळ होती. पण डॉक्टरांनी बारकूला सांगितलं होतं, "पुन्हा करून घ्या, फुकट आहे." बारकूने फुकटचं एकदा अनुभवलं होतं. तो म्हणाला, "आता आपन प्रायव्हेट."

मुरबाडच्या बाजारपेठेत एक नवं हॉस्पिटल झालं होतं. आत गुळगुळीत फरशी, पंखा आणि दाराशी काचेच्या पेटीत रंगीत मासे. लोक त्याला मासेवाला दवाखानाच म्हणत. बारकूने त्या माशांकडे बराच वेळ पाहिलं आणि एवढ्याशा माशांत कालवण काही होणार नाही, असं स्वतःशी ठरवलं. नर्स त्याला "या काका" म्हणाली. गुरुजींच्या शिबिरात त्याला "ए, तिसरा नंबर" म्हणाले होते.

मग नर्सने नाव विचारलं. समोरच्या खुर्च्यांवर गावातली दोन माणसं बसली होती. लाउडस्पीकर बारकूला आठवला. त्याच्या तोंडातून निघालं, "महिपत." महिपत हा त्याचा मेहुणा, हौसाचा सख्खा भाऊ. तो तिकडे शहापूरला राहतो, भातसानगरला धरणावर कामाला जातो. एवढ्या लांब कोण विचारायला जाणार, असा बारकूचा विचार. फाईलवर महिपत लिहिलं गेलं, ऑपरेशन झालं, बिल झालं. बिलाचा कागद बारकूने घरी येईपर्यंत एसटीतच फाडून टाकला, कारण त्यावर दुसऱ्याचं नाव होतं.

दोन हजार दोनमध्ये हौसाला पुन्हा दिवस गेले.

मुलगी झाली. बाईजाने न्हाऊ-माखू घातलं, शेक दिला, सगळं केलं. फक्त पाळणा बांधला नाही. बारावा दिवस उलटला, तरी पोर नावाशिवाय. बाईजा म्हणाली, "पहिल्याच्या टायमाला कागद व्हता. हिचा कागद आन, मंग पालना."

"आत्या, ती तुमच्याच लेकाची हाय गो."

"मी कुठं नाय म्हनतंय? कागद आन."

एकदा कागद मिळाला की माणसाला कागदाची सवय लागते, हे सरकारला कळलं नसलं तरी बाईजाला कळलं होतं. आणि विहिरीवर पुन्हा हौसा आली की बोलणं थांबायला लागलं होतं.

त्या रात्री बारकूने महिपतच्या नावाची हकिकत हौसाला सांगितली. आणखीही एक सांगितलं. डॉक्टरने तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. बारकू गेला होता. नर्सने तीनदा "महिपत, महिपत" असं ओरडून विचारलं. बारकू दोन तास बसून होता आणि हा महिपत कोण मूर्ख आहे, नंबर लागला तरी उठत नाही, असं शेजारच्याला म्हणत होता. मग त्याची एसटीची वेळ झाली.

हौसा म्हणाली, "आपलं नाव तरी नीट सांगायचंस रे."

सोळाव्या दिवशी ती बाळाला पाठीशी बांधून मासेवाल्या दवाखान्यात गेली. कंपाउंडरने फायली चाळल्या.

"बारकू म्हणून कोणी नाय इथं."

"महिपत बघा."

"महिपत हाय. नसबंदी. तो तुमचा कोन?"

"भाऊ."

कंपाउंडरने फाईल मिटली. "ताई, ऑपरेशन तुमच्या भावाचं झालं. तुमच्या पोरीचा त्याच्याशी काय संबंध?"

खुर्च्यांवरची माणसं माशांकडे बघायला लागली.

डॉक्टरसाहेब आत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, "ताई, आमच्या हॉस्पिटलमध्ये आजवर एकही ऑपरेशन फेल गेलेलं नाही. महिपतरावांची काही तक्रारही नाही." खरं होतं. ज्या माणसाचं ऑपरेशनच झालं नव्हतं, त्याची तक्रार असायचं कारण नव्हतं.

एसटीत बसल्यावर हौसाने विचार केला. शिबिरात ज्याने कापलं होतं तो सरकारी डॉक्टर कधीच गडचिरोलीला बदलून गेला होता. चुकीचा मालकच गावात नव्हता, मग चूक कबूल करायला कोणाचं काय जाणार? रजिस्टर मात्र जागेवरच राहिलं. इकडे चुकीचा मालक दारावरच्या पाटीवर डिग्रीसकट रंगवलेला होता. तो लिहून देईल तर पाटीच उतरवावी लागेल. खुर्ची आणि पाणी वेगळं आणि कागद वेगळा, एवढं तिला कळलं.

म्हणून ती बारकूला घेऊन पुन्हा सरकारी दवाखान्यात गेली. तिथे आता तिसरा डॉक्टर होता, तरुण, घाईत असलेला. पुन्हा बाटली, पुन्हा बिनकडीचं दार. डॉक्टरांनी बारकूला तपासलं आणि सांगितलं, "दोन खुणा आहेत. एक आमच्या रजिस्टरात आहे. दुसरी कोणी केली ते मी कसं लिहू? माझ्याकडे नोंद नाही."

"बघलंय तेवढं लिवा," हौसा म्हणाली.

त्यांनी लिहिलं: दोन शस्त्रक्रियांच्या खुणा, एक या संस्थेची, दुसरीची नोंद उपलब्ध नाही. तरीही जननक्षम.

बाईजाने शिक्का पाहिला आणि विचारलं, "दुसरं कोनी केलं ते कुठाय यात?"

आता महिपतशिवाय इलाज नव्हता. हौसाने त्याला शहापूरहून बोलावलं. त्याला सगळं सांगितल्यावर तो आधी हसला, मग बारकूला दोन शिव्या दिल्या, मग पुन्हा हसला. त्याची बायको रंगू मात्र हसली नाही. तिला सहा महिन्यांची जुळी होती. ती म्हणाली, "म्हंजे त्या डॉक्टरच्या कागदावर माजा नवरा कापलेला हाय? आनि माज्या मांडीवर ही दोघं?" तिने जुळ्यांना टोपडी घातली. "मी पन येतंय."

बाजाराचा दिवस होता. मासेवाला दवाखाना भरलेला. महिपतने एक मूल खांद्यावर, रंगूने एक कडेवर आणि हौसाने आपलं पाठीशी, असे ते आत गेले. बारकू दाराशीच उभा राहिला. नाव कोणी विचारलंच तर नीट सांगायचं, असं त्याला बजावलं होतं.

"डॉक्टरसाहेब," महिपत म्हणाला, "तुमच्या फाईलीतला महिपत मी. तुमचं ऑपरेशन एकदम बेस. हे बघा." आणि त्याने जुळं टेबलावर ठेवलं.

रंगूने दुसरं त्याच्या शेजारी ठेवलं. "दोन झाली, साहेब. एकदम."

दार उघडंच होतं. बाहेरची कुजबुज थांबली. भिंतीवरचं घड्याळ आणि मासे तेवढे चालू राहिले.

डॉक्टरसाहेबांनी घाम पुसला. "ह्या माणसाचं ऑपरेशन मी केलेलं नाही."

"मंग कोनाचं केलंत?" हौसाने विचारलं. "ह्याचं केलं असंल तर दोन फसली. ह्याचं नसंल तर तसं लिवून द्या."

साहेबांनी दाराशी पाहिलं, तो चेहरा ओळखला आणि नाव विचारलं; बारकूने या वेळी नीट सांगितलं. एका जुळ्याने तेवढ्यात टेबलावरची वही ओली केली. मग त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: आमच्या फाईलमध्ये महिपत या नावाने नोंद असलेली नसबंदी महिपत या इसमावर झालेली नाही, दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या मेहुण्यावर, बारकूवर, झालेली आहे. फसलं, हा शब्द त्यांनी काही लिहिला नाही. तो सरकारने आधीच लिहून ठेवला होता.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने दोन्ही कागद एकामागोमाग वाचले. एकात ऑपरेशन होतं आणि नाव होतं, दुसऱ्यात खुणा होत्या आणि शिक्का होता. दोन्ही मिळून हौसाचं म्हणणं पुरं झालं. कोणीतरी मागून विचारलं, "बारक्या, आता तिसऱ्यांदा कुठं?" बारकू म्हणाला, "आता तिचं. माजं पुरे झालं."

एकविसाव्या दिवशी बाईजाने पाळणा बांधला. शेजारच्या बायका आल्या, त्याच विहिरीवरच्या. मुलीचं नाव भूमिका ठेवलं. बाईजाने पोर हातात घेऊन प्रत्येकीला दाखवलं. "नाक बघा गो. बारकूचंच नाक. डिट्टो."

नाक पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, हे हौसाच्या ओठांवर आलं होतं. पोर पाळण्यात आल्यावर तिने पाळणा जरा जोरातच हलवला.