गौरव्वाचं हाड आणि कमिटीचं मत

गौरव्वाला टांग्यातून उतरवलं तेव्हा तिने उजव्या हाताने डावं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं आणि मान डाव्या खांद्याकडे कलली होती. एवढं दारातून दिसलं की आमच्या धंद्यात निम्मं निदान होतं. गळ्याखाली जे आडवं हाड असतं, कॉलर बोन, ते मोडलं की माणूस असंच उभं राहतं.

"कुठं पडलीस?" मी विचारलं.

"पडले न्हाई बाई, पाडली. तिघींनी मिळून पाडली." ओठ पांढरे पडले होते, पण आवाज खणखणीत होता. "पर मी रेघंला हात लावलाच की. तिघीबी मेल्या."

बरोबर आलेली तिची ड्रिल टीचर कमलताई मात्र रडवेली झाली होती. "डॉक्टर, आज हुतूतूची मॅच होती," ती म्हणाली. "वर्गावर्गातली. बाहेरचं कुणी नव्हतं."

हुतूतू म्हणजे आता ज्याला सगळे कबड्डी म्हणतात तो खेळ. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापुरात मुलगे गल्लोगल्ली हुतूतू खेळत. मुलींच्या शाळेत तो कमलताईने सुरू केला होता. काचा मारून, पदर कमरेला खोचून चौदा-पंधरा वर्षांच्या मुली एकमेकींना पकडतात, लोळवतात, हे गावात कळलं होतं आणि प्रत्येकाचं त्यावर मत होतं. खेळ पाहिलेलं त्यात कुणी नव्हतं. मीही नव्हते.

मी तेव्हा बायकांच्या दवाखान्यात नवी होते. नेमणूक अजून कायम झाली नव्हती. गौरव्वाला स्टुलावर बसवून तिचे दोन्ही खांदे मागे ओढले. दोन्ही काखांत कापसाच्या उशा ठेवल्या आणि पाठीवर इंग्रजी आठाचा आकडा होईल अशी पट्टी बांधली. इंग्रजीत तिचं नाव फिगर ऑफ एट. या पट्टीने खांदे मागे राहतात आणि हाडाची टोकं समोरासमोर येतात. पुढचं काम हाड आपलं आपण करतं. डॉक्टरने फक्त मध्ये यायचं नाही.

पट्टी संपते न संपते तोच तिचे वडील आले. शिवलिंगप्पा. अडत दुकान होतं त्यांचं. भलामोठा माणूस, कपाळाला भस्म. पोरीकडे एकदा पाहिलं आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"डाक्टरीणबाई, खरं सांगा. हात वाकडा ऱ्हाईल?"

"राहणार नाही. हाडावर थोडं टेंगूळ येईल, तेही हळूहळू कमी होईल."

"आनि…" त्यांना शब्द सापडेना. "उद्या लगीन झाल्यावर काय?"

"मूल होण्याचा या हाडाशी काही संबंध नाही."

"लोक म्हनत्यात हाय म्हणून." ते कमलताईकडे वळले. "बाई, उद्यापास्नं पोरगी साळंत येनार न्हाई. पोरीची जात. हात मोडाया पाठवली न्हवती."

पट्टी बांधताना गौरव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. तिची आई मल्लव्वा नवऱ्यामागून येऊन भिंतीशी उभी होती. नवरा टांगा बघायला बाहेर गेला तशी ती हळूच मला म्हणाली, "बाई, आडावर पानी वडताना पडली असती, तर ह्यांनी आड बुजिवला असता व्हय?"

मी म्हटलं, "हे त्यांना सांगा की."

"मी सांगून काय उपेग? तुमी सांगा. तुमी शिकल्याल्या."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष स्वतः दवाखान्यात आले. गावातले नामांकित वकील. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. आमच्या दवाखान्याच्या मंडळावरही ते होते, म्हणजे माझी नेमणूक कायम करायची की नाही हेही त्यांच्याच हातात.

"मला तुमचं वैद्यकीय मत हवं आहे," ते म्हणाले. "मुलींना व्यायाम हवाच. लेझीम आहे, ड्रिल आहे, फुगड्या आहेत. पण अंगाला अंग भिडवून एकमेकींना लोळवायचं, हे स्त्रीच्या शरीराला मानवणारं नाही. गर्भाशय जागचं हलतं म्हणतात. तुम्ही तसं कमिटीपुढे सांगा, म्हणजे विषय मिटला."

मी विचारलं, "मुलांच्या शाळेतही हाडं मोडतातच. तिथे खेळ बंद करा असं कुणी म्हटलं का?"

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले.

"बाई, ही शाळा काढली तेव्हा लोकांनी दारावर शेण फेकलं होतं. एकेका घरी जाऊन मी मुली मागून आणल्या आहेत. काल शिवलिंगप्पांनी मुलगी काढली. त्यांचं पाहून त्यांच्या पेठेतले आणखी दहाजण काढतील. एका खेळासाठी मी शाळा मोडू?"

माणूस खेळाचा वैरी नव्हता. तो घाबरला होता, आणि त्याच्या भीतीला कारण होतं.

"मी आधी खेळ पाहते," मी म्हटलं. "मग बोलते."

तेव्हाची आमची पाठ्यपुस्तकं वकीलसाहेबांच्याच बाजूची होती. मुलींनी दमायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. पण दवाखान्यात मी रोज वेगळंच पाहत होते. गर्भाशय खाली उतरणं, ज्याला आम्ही प्रोलॅप्स म्हणतो, ती तक्रार घेऊन बायका माझ्याकडे येत. त्या मिलमधल्या असत. बाळंत होऊन पुरते दिवस भरायच्या आत कामावर उभ्या राहिलेल्या, लागोपाठ बाळंतपणं झालेल्या. खेळून कुणाचं गर्भाशय उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या मिलच्या बायकांसाठी कुणी कधी मत मागायला आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी मैदानावर गेले. मैदान कसलं, उन्हाने भाजलेला मुरूम. वर बारीक खडे. कमलताईने मुलींना खेळायला लावलं. एक मुलगी दम घेऊन, हुतूतू म्हणत समोरच्यांच्या अंगावर गेली. दोघींनी तिचा पाय धरला. ती आडवी झाली आणि मधल्या रेघेकडे हात ताणत सरपटू लागली. तिच्या अंगावर आणखी दोघी. हात असा ताणलेला असताना वर वजन पडलं की धक्का मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून कॉलर बोनमध्ये जातो. गौरव्वाचं हाड असंच मोडलं होतं. आणि हात ताणल्याशिवाय या खेळात जिंकता येत नाही.

मुलगी उठली. गुडघा फुटला होता. ती हसत होती.

"कमलताई, पडायचं कसं ते यांना शिकवलंय का?"

"पकडायचं शिकवलं," ती म्हणाली. मग ओशाळून, "पडायचं नाही शिकवलं."

"आणि ही जमीन?"

"कमिटीकडे मागितली होती माती. उत्तर आलं नाही."

कमिटी शाळेच्या मोठ्या खोलीत बसली. शिवलिंगप्पांनाही बोलावलं होतं. वकीलसाहेबांनी मला बोलायला सांगितलं.

मी म्हटलं, "या खेळाने गर्भाशय हलतं असं मला दिसलेलं नाही. न दिसलेली गोष्ट मी सांगणार नाही. पण या खेळात हाडं मोडतात. पुढेही कधीतरी मोडणार. मोडणार नाहीत असंही मी सांगणार नाही."

कमलताईने मान खाली घातली. तिला वाटलं मी तिला बुडवलं.

"मग बंद करा म्हणता?" एका सभासदांनी विचारलं.

"नाही. मोडलेलं हाड जुळतं. मैदान खणून त्यात मऊ माती घाला. पडायला शिकवा. म्हणजे कमी मोडतील."

"पण हे शोभतं का?" दुसरे म्हणाले. "मुलींनी मुलींच्या तंगड्या धरायच्या?"

"तो वैद्यकीय प्रश्न नाही. त्यासाठी खेळ पाहावा लागेल. तुमच्यापैकी कुणी पाहिलाय?"

माझी नेमणूक आता गेली, असं मी मनाशी धरून चालले होते.

"शिवलिंगप्पा, तुम्ही पाहाल?" वकीलसाहेबांनी एकदम विचारलं.

"पोरींचा खेळ?" शिवलिंगप्पांनी फेटा चाचपला. "बघू की. बघाया काय जातंय."

दोन गाड्या माती आणून ती खणलेल्या मैदानात पसरेपर्यंत काही दिवस गेले. तेवढ्यात कमलताईने मुलींना कोलांट्या घालून, खांदा आत घेऊन पडायला शिकवलं. मग फाटक लावून मॅच ठेवली. एका बाजूला कमिटी खुर्च्यांवर, दुसऱ्या बाजूला आया सतरंजीवर. गौरव्वा पट्टी बांधलेल्या खांद्यांनी, शिपायासारखी ताठ, वडिलांच्या शेजारी उभी. ते खुर्चीवर बसले, तेही मैदानाकडे अर्धी पाठ करून.

पहिल्या काही चढाया त्यांनी तिरक्या नजरेने पाहिल्या. मग खुर्ची सरळ केली. गौरव्वा त्यांना खालच्या आवाजात सांगत होती, ही मेली, ही अजून जिती हाय, आता ती नुसती हूल द्यायला न्हाई, गडी मारायलाच आली बघा. मैदानावर तिच्या वर्गाची एकच मुलगी उरली होती. काटक, सावळी, विणकराच्या घरची नरसम्मा. समोरून चढाईला आलेली मुलगी अंगाने तिच्या दुप्पट. सगळ्यांनी ओळखलं, खेळ संपला.

चढाईवाली वळते न वळते तोच नरसम्माने खाली वाकून तिचा घोटा धरला.

"हिडी!" असा एक गडगडाट झाला. शिवलिंगप्पा खुर्ची पाडून उभे राहिले होते. "हिडी, हिडी! बिडब्याड!" धर, धर, सोडू नको! माणूस खरा भडकला, हरखला की मायबोलीवर येतो. त्यांची कानडी साऱ्या कमिटीला समजली. "दम तुटला की गं तिचा! वढ माघारी! आसं!"

दम खरंच तुटला होता. मल्लव्वा सतरंजीवर पदर तोंडाला लावून हसत होती. शिवलिंगप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची उचलली, झटकली आणि गंभीरपणे बसले.

वकीलसाहेबांनी विचारलं, "काय शिवलिंगप्पा, मुलगी पाठवणार शाळेत?"

"पाठवू की." मग लेकीकडे न बघता, "येवढी दमाची पोरगी घरी बसवून काय करू? पर हाड जुळंस्तवर मैदानात पाय ठिवला तर बघ."

कमिटीने खेळ चालू ठेवला. मात्र अटी घातल्या. दुसऱ्या शाळेशी मॅच नाही, फाटक बंद, मैदानाची माती दर वर्षी खणायची. आणि शेवटची अट वकीलसाहेबांनी स्वतः घातली. मॅच असेल तेव्हा लेडी डॉक्टर हजर पाहिजे. दुसऱ्या शाळेशी मॅच नाही, हे कमलताईला फार लागलं. ती अट पुढे काही वर्षांनी गळून पडली, पण तेव्हा ती लग्न होऊन मिरजेला गेली होती.

माझी नेमणूक कायम झाली. मॅच शनिवारी असत, म्हणून त्याबरोबरच माझे शनिवारही गेले. कितीतरी वर्षं मी टिंक्चर आयोडीनची बाटली आणि पट्ट्या घेऊन त्या मैदानाच्या कडेला बसले. एक मनगट मोडलं, एक दात पडला, गुडघे तर रोजचेच. कुणी मुलगी त्यापायी शाळेतून काढली नाही.

गौरव्वा हाड जुळल्यावर पुन्हा उतरली आणि शाळा संपेपर्यंत खेळली. अक्कलकोटकडे दिली तिला. पहिलं बाळंतपण माझ्याकडेच झालं, आणि इतकं सहज की नर्सला गरम पाणी आणायलाही वेळ मिळाला नाही. एका पेशंटवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मला कळतं. तरी वकीलसाहेब रस्त्यात भेटले तेव्हा मी त्यांना ते मुद्दाम सांगितलं. त्यांनी छत्री बगलेत मारली, जरा विचार केला आणि म्हणाले, "छान. तुम्ही शनिवारी येताय ना?"

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते. कमिटीने मत मागितलं तर खरं ते सांगावं. फक्त ते मानलं गेलं तर पुढचं काम कुणाच्या गळ्यात पडेल, याचा आधी विचार करून ठेवावा.