प्रसादाचा ग्लास

भूत, आत्मा, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आजही नाही. पण गेल्या वर्षी पनवेलात, भरदुपारी, दोनशे माणसांसमोर जे झालं ते डोक्यातून जातच नाही, म्हणून लिहितेय.

माझा भाऊ, दादा, हौशी नट. एका वेल्श नटाच्या आयुष्यावर तो एकपात्री करत होता – खाणकामगाराचा पोरगा, लंडनचं स्टेज गाजवलं, मग सिनेमे, लग्नं, दारू... आणि उतारवयात ती दारू कायमची सोडली. दादानेही नुकतीच सोडली होती. वहिनी पळस्प्याला माहेरी जाऊन बसली होती. "पुन्हा एक थेंब घेतलात तर मी येणार नाही," एवढंच बोलली होती ती.

शुभारंभाला आमच्या निर्मात्याने, मोहनने, नटराजाच्या पूजेत त्या नटाचा फोटो ठेवला आणि पुढे नैवेद्य म्हणून ग्लासात खरी व्हिस्की! "गेलेल्या माणसाला आवडीचंच ठेवतात ना ताई?"

मला शिसारी आली. ज्याने जिवाच्या आकांताने सोडली, त्याच्यापुढे तीच? "मोरीत ओत ते," म्हणून मी विंगेत गेले.

त्याने ओतली नाही. तालमीत दारूच्या सीनला टेबलावर कोरा चहा असायचा, तिथे याने तोच ग्लास ठेवला. वर हसत मला म्हणतो, "प्रसाद आहे गं. अ‍ॅक्टिंग रिअल होईल!" शी! माणूस आहे की कोण? थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली, पण तोवर दादाने ग्लास ओठांपाशी नेला होता.

तो थांबला. चेहरा पांढराफटक. आणि हॉलभर घोगरा, दमदार आवाज घुमला – "मी सोडलीय!"

हे वाक्य संहितेत नाही. दादाने ग्लास खाली ठेवला, टाळ्याच टाळ्या.

पडदा पडल्यावर तो भडाभडा ओकला. "कुजलेल्या मासळीचा वास होता गं त्याला!" मी हुंगून पाहिलं. नुसती व्हिस्की.

"पण वाक्य भारी घेतलंस," मी म्हटलं.

"कुठलं वाक्य? मी तोंडच उघडलं नाही. तिथेच ओकलो असतो."

मोबाइलवरचं शूटिंग पाहिलं. आवाज स्पष्ट, आणि दादाचे ओठ घट्ट मिटलेले! साउंडवाल्याला विचारलं, त्याने काही लावलं नव्हतं. मोहनला मात्र त्याची रील करायची होती, निर्लज्ज कुठला!

वहिनी शेवटच्या रांगेत येऊन बसली होती, आम्हाला पत्ताच नाही. ते वाक्य ऐकून ती त्याच संध्याकाळी घरी आली. तिला वाटतं, दादाच बोलला. आम्ही तिला अजून काही सांगितलेलं नाही... सांगणार तरी काय? कोण बोललं, ते आम्हाला तरी कुठे माहीत आहे?