गावं पाहणारे माधवराव

नाशिकरोड स्टेशनच्या मालधक्क्यावर मी कारकून म्हणून रुजू झालो त्या सकाळी माधवराव खळदकरांनी माझं नाव विचारण्याआधी माझं गाव विचारलं. मी म्हणालो, "देवळा."

"तिथं वाचनालय आहे?"

"नाही जी. कांदा आहे."

ते मोठ्यानं हसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "शिवाय रेल्वे नाही. म्हणजे देवळा बाद." कशातून बाद, ते मला कळलं नाही. शेजारच्या टेबलावरचा एकजण हळूच म्हणाला, "लक्ष देऊ नका. त्यांना गाव हवंय."

माधवराव तेव्हा चाळिशीचे असतील. उंच, किडकिडीत, काळा अल्पाकाचा कोट, आणि सतत हलणारे पाय. बसून मालाच्या बिलट्या लिहितानाही त्यांचा एक गुडघा टेबलाखाली शिवणाच्या यंत्रासारखा चालू असायचा. गाडी आली की काही ना काही काम काढून ते फलाटावर जायचे आणि उतरणाऱ्या एखाद्या नीटनेटक्या माणसाला गाठायचे. "आपण कुठले? तिथं पाणी कसं? वाचनालय आहे? घरं मिळतात?" काही लोक त्यांना जकातनाक्यावरचे समजून मुकाट्यानं उत्तरं देत.

नाशकात भद्रकालीजवळ दोन खोल्यांत ते राहत. घरमालक उपाध्याय, यात्रेकरूंचे विधी करणारे. मी रुजू व्हायच्या आधीच, सिंहस्थ जवळ आला तसं, त्यांनी सांगितलं होतं, "खळदकर, चार-सहा महिने खोल्या मोकळ्या करून द्या. यजमान यायचे आहेत, आमचा बारा वर्षांचा हंगाम. नंतर या परत, तुमचंच घर आहे." माणूस वाईट नव्हता, खरंच परत घेतलं असतं. पण माधवरावांच्या मनाला ते लागलं. मला म्हणाले, "आहेर, दुसऱ्याच्या पुण्यासाठी ज्या घरातून उठावं लागतं ते आपलं कसं? आता असं गाव शोधायचं की जिथून पुन्हा कुणी उठ म्हणणार नाही."

नाशिकरोडहून रोज गाडीनं ये-जा करता आली पाहिजे, भाडं पगारात बसलं पाहिजे आणि गाव सुसंस्कृत पाहिजे, एवढ्या त्यांच्या अटी. रेल्वेचा पास होताच. मी एकटा, रविवार मोकळा. म्हणून ते मलाही बरोबर घेऊ लागले. त्या हिवाळ्यात आम्ही किती रविवार गावं पाहत हिंडलो त्याची गणती नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला दशम्यांचं फडकं देताना म्हणायच्या, "भाऊजी, लोक मुलीसाठी स्थळं बघतात. आमच्याकडे मुलगी तेरा वर्षांची झाली आणि बाप गावं बघतोय."

गाव पाहण्याची त्यांची रीत ठरलेली होती. देऊळ नाही, बाजार नाही, आधी वाचनालय. तिथं जाऊन ते ताज्या वर्तमानपत्राला हातही लावत नसत. मागच्या वर्षीचे अंक मागत. "ताजा अंक कोणीही ठेवतो हो. जुना जपून कोण ठेवतो ते बघायचं." मग विहिरीचं पाणी पिऊन पाहायचं, शाळेच्या भिंतीवरून आत डोकवायचं आणि अखेर एखाद्या ओट्यावर बसून गावच्या गप्पा ऐकायच्या. अर्ध्या तासात त्यांचा गुडघा हलायला लागे. "छे. इथं जीव टेकत नाही."

देवळालीत जीव टेकला नाही. "छावणीचं गाव. पायात बूट नसला तर इथं रस्तासुद्धा ओळख देत नाही." इगतपुरीच्या पावसात वहिनींचा दमा उठला असता. मनमाडला पाण्याची ओढ, आणि वर माधवरावांचा शेरा: "जंक्शन आहे. इथून चारी दिशांना जाता येतं, राहता येत नाही."

एका गावाचं मात्र सगळं जुळलं होतं. नाव सांगत नाही, आजही तिथं माझे स्नेही आहेत. वाचनालयात सात वर्षांचे अंक बांधून ठेवलेले. पाणी गोड. वरच्या मजल्यावर तीन हवेशीर खोल्या, भाडं नाशकाच्या निम्मं. घरमालक सुपारी कातरत बोलत होते, माधवरावांचा गुडघा शांत होता. मला वाटलं, सुटलो. मग मालकांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हे बरोबरचे कोण? यांचं जाणं-येणं राहणार का माडीवर?"

"राहणार. माझे मित्र आहेत."

"मित्र ठीक. पण जात कोणती? आमच्या घरात सोवळंओवळं आहे, म्हणून आपलं विचारलं."

माधवरावांनी पुढ्यातला पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि उठले. स्टेशनपर्यंत ते इतक्या झपाझप चालले की मला पळावं लागलं. मी म्हणालो, "माधवराव, माझ्यापायी चांगली जागा घालवू नका. मी खाली उभा राहून हाक मारीन." तेव्हा ते रस्त्यातच थांबले. "सात वर्षांचे अंक बांधून ठेवलेत त्यांनी, आहेर. एक तरी वाचला असता!"

त्यानंतर त्यांची घालमेल वाढली. यात्रेकरूंचे दिवस जवळ येत होते आणि उपाध्यायांनी दोनदा आठवण केली होती. निफाड आम्ही पूर्वी एकदा पाहून सोडलं होतं. वाचनालय लहान, एकच कपाट. पण कचेरीचं गाव, वकील-मामलेदारांची वस्ती, शिवाय नाशिकरोडला गाडीनं सोयीचं. माधवरावांनी नाइलाजानं ते पुन्हा काढलं. त्या वेळी वहिनी पहिल्यांदाच मध्ये बोलल्या.

"तुम्ही वाचनालय बघता, पाणी बघता. शकूच्या शाळेचं कोणाला विचारलंत?"

शाळेच्या भिंतीवरून इतक्या वेळा डोकावूनही माधवरावांना मुलगे तेवढे दिसले होते, मुली नाहीत हे दिसलं नव्हतं. पुढच्या रविवारी शकू आमच्याबरोबर आली. दोन घट्ट वेण्या आणि बापासारखंच हाडकुळं अंग.

हेडमास्तर घरीच होते. सज्जन माणूस, पण गोंधळले. "इंग्रजी शाळेत मुलगी? मनाई नाही तशी. पण एकही नाही आमच्याकडे. वर्गात ही एकटी पडेल. बाकावर शेजारी कोण बसणार?"

माधवराव काही बोलायच्या आत शकू म्हणाली, "शेजारी मी दप्तर ठेवीन."

हेडमास्तरांना हसू आवरेना. "बिऱ्हाड आलं की पाठवा," म्हणाले. बाहेर आल्यावर माधवराव शाळेच्या पायरीवर मटकन बसले आणि जे मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगू लागले. त्यांचे वडील जंगलखात्यात नाकेदार होते. दर वर्ष-दोन वर्षांनी बदली. "सात गावं, सात शाळा. प्रत्येक ठिकाणी पुस्तक निम्मं व्हायचं आणि आमची बैलगाडी जुंपली जायची. मॅट्रिकला बसलोच नाही मी. कुठलंही गाव बघितलं की आधी वाटतं, इथून कधी निघायचं? ही खोड काही जायची नाही. पण पोरीचं पुस्तक पुरं झालं पाहिजे."

ते निफाडला गेले. खोड गेली नाही, हेही खरं. सामानाची एक ट्रंक त्यांनी सहा महिने दोरीसकट तशीच ठेवली होती. पुढेही वर्ष-दोन वर्षं कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी घेऊन ते माझ्या टेबलाशी येत. "ओझरला म्हणे फार छान वस्ती होतेय." मी म्हणायचो, "ओझरला गाडी कुठाय?" आणि ते निमूट परत जात. इकडे शकूच्या बाकावरून दप्तर उठलं होतं. दुसऱ्या वर्षी एका वकिलाची मुलगी आली, तिसऱ्या वर्षी आणखी दोघी.

शकू मॅट्रिकच्या आदल्या वर्गात असताना माधवरावांना बढती आली. भुसावळला, हेडक्लार्क म्हणून. साऱ्या मालधक्क्यानं धरूनच चाललं की हे आजच गाडीत बसणार. साहेबांनी बोलावलं, मी कागद घेऊन बरोबर होतो.

"मला जाता येणार नाही साहेब. मुलीची शाळा मध्येच तुटेल."

"मुलाची?"

"मुलीची."

साहेब हसले. "खळदकर, ही संधी पुन्हा येणार नाही."

"कल्पना आहे साहेब."

बाहेर आल्यावर ते बाकावर टेकले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "आहेर, मी नाही म्हणालो ना? नीट ऐकलंत ना तुम्ही?"

आणि ती बढती मला मिळाली. मी संकोचलो, दोन दिवस त्यांच्यासमोर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी तेच आले. "तोंड काय लपवता? तुम्हाला गाव नवं आणि पगारही नवा. जा बिनधास्त. मी सोडलेलं तुम्ही घेताय, हिसकावून नव्हे." साहेबांचं म्हणणं मात्र खरं ठरलं. माधवराव निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर राहिले, त्यांच्या हाताखालचे एकेक करून वर गेले. शकू मॅट्रिक झाली, रोज गाडीनं नाशिकला जाऊन कॉलेज शिकली, ते मला पत्रांतून कळत गेलं. माधवरावांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते मात्र भुसावळला निघालो त्या रविवारी, शेवटचं.

पॅसेंजर निफाडला थांबली तेव्हा तिघंही फलाटावर होती. वहिनींनी डबा दिला, शकूनं वाकून नमस्कार केला. गाडीनं शिट्टी दिली आणि माधवराव एकाएकी पायरीवर चढून माझ्या डब्यात आले. "अहो!" वहिनी ओरडल्या. "पास आहे! लासलगावपर्यंत सोडून येतो!" ते खिडकीतून म्हणाले. मग माझ्यासमोर बसून गुडघा हलवत बाहेरची शेतं पाहत राहिले. एकदाच म्हणाले, "भुसावळला ऊन फार. डोक्याला बांधत जा."

लासलगाव आलं. मी म्हणालो, "मनमाडपर्यंत चला की. चहा घेऊ, मग परता."

"नको." ते तोवर उतरलेही होते. "घरी जायचंय. शकूचा भूमितीचा पेपर आहे उद्या, मी सोबत बसतो तिच्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण बसतो."

गाडी हलली. मी खिडकीतून हात हलवला, तो त्यांनी पाहिला नाही. धोतराचा सोगा हातात धरून, रूळ ओलांडून ते निफाडच्या बाजूच्या फलाटाकडे घाईघाईनं निघाले होते. परतीच्या गाडीला अजून तासभर अवकाश होता.