वातीपुरता कापूस

आमचं सांगवीचं घर उसावर वाढलेलं. त्यामुळं एका वर्षी कपाशी लावली, तरी आमच्या ह्यांची नजर उसाचीच राहिली. पीक उंच, म्हणजे पीक चांगलं! कीड फारशी नव्हती, पण कीटकनाशक मारलं की झाडांना गर्द हिरवी काळोखी येते आणि ती सरसर वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग काय, पाठीवरचा पंप उतरेचना. झाडं खांद्याला लागली. बांधावरून जाणाऱ्याला थांबवून हे सांगायचे, "बघा, उसावानी वाढलीय!"

घराकडच्या दोन ओळींत मात्र मी कपाशीच्या मधे खायला चवळी टाकली होती. तिथं पंप आला, तशी मी आडवी उभी राहिले. "हितं न्हाय मारायचं. ही चवळी आपल्याच ताटात येनार हाय."

त्या ओळींतली कपाशीची झाडं कमरेच्या वर गेली नाहीत. हे त्यांना 'तुझी बुटकी' म्हणायचे.

दिवाळीच्या वातींसाठी हे परडी घेऊन आपल्या उंच कपाशीत गेले. तिथं नुसता पाला आणि न फुटलेली हिरवी बोंडं. रिकामी परडी घेऊन परत आले.

"अजून वाढतीय," म्हणाले.

"वाढू द्या की," मी म्हटलं, आणि पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या माझ्या ओळींकडं बोट दाखवलं. "तंवर बुटकीवर दिवाळी करू."