आईच्या नावापुढचा अंगठा

"ठेव ते खाली," वहिनी म्हणाल्या.

माझ्या एका हातात चहाचा ट्रे होता. दुसऱ्या हातात खुर्चीवरून उचललेलं पत्रक.

रत्नागिरीतल्या एका सभागृहात मी कामाला होते. खुर्च्या लावायच्या, चहा फिरवायचा, कार्यक्रम संपला की झाडून घ्यायचं. त्या दिवशी महिला मंडळाचा कार्यक्रम होता. कॅन्सरची माहिती द्यायला डॉक्टर आले होते. वहिनी मंडळाच्या अध्यक्षा. सभागृहाच्या विश्वस्तांतही त्या. त्यांचं घर मोठ्या बागायतदारांचं. आमच्या गावातली आंब्याची अर्धी कलमं त्यांची. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. नातं काही नव्हतं.

पत्रकं खुर्च्यांवर मीच ठेवली होती. ठेवताना बघितलं नव्हतं. चहा फिरवताना एकीच्या मांडीवर ते उघडं पडलेलं दिसलं. आत फोटो होता. माणसाच्या गालाची आतली बाजू. पांढरा चट्टा, मध्ये लाल जखम.

हे मी ओळखत होते. माझ्या आईच्या गालात असंच होतं. दीड महिना झाला होता.

मी रिकाम्या खुर्चीवरचं एक उचललं. म्हटलं, "वहिनी, एक घरी नेते. आईला दाखवायचंय."

"मोजून छापलीत. पाहुण्यांसाठी आहेत. ठेव ते खाली."

पुढच्या तीन रांगा सोडल्या तर सभागृह रिकामं होतं. प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर एक पत्रक. कोण पाहुणे येणार होते त्यांच्यासाठी?

मी पत्रक ठेवलं. पण पाय हलेना. डॉक्टर समोरच उभे होते. मी तिथूनच विचारलं, "डॉक्टर, तोंडातली जखम दीड महिना भरली नाही, तर कुठं दाखवायचं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं उत्तर द्यायला. वहिनींच्या हातात माईक होता. त्या माईकमध्येच म्हणाल्या, "तू चहा बघ गं. आणि डॉक्टर, यांना कितीही सांगा, या मशेरी सोडणार आहेत थोड्याच."

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसले, थोडंसं. मग त्यांनी पुढचं चित्र लावलं.

मी चहा बघितला. अजून हातात कप घेतला की ते हसू ऐकू येतं.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. आमच्याकडच्या बाया सकाळी दातांना लावतात. भूक मरते. आई आंब्याच्या हंगामात वहिनींच्याच बागेत कामाला जायची. पहाटे पेज पिऊन निघायची ती दुपारपर्यंत शेडमध्ये आंबा निवडायची, पेट्या भरायची. शेडच्या कोपऱ्यात मशेरीचा डबा असायचा. तो डबा वहिनींच्या घरून यायचा. बाया तरतरीत राहतात, जेवायला उठत नाहीत, म्हणून. मी बारावी झाल्यावर दोन हंगाम त्या बागेत हजेरी लिहिली आहे. डबा संपला की नवा मागायला मीच जायचे.

हे वहिनींना माहीत होतं. तरी त्या हसल्या.

कुणी म्हणेल, मोबाइल होता ना तुझ्याकडे? होता. पण शोधायला शब्द लागतो. आमच्याकडे त्याला 'तोंड आलंय' म्हणतात. तेवढाच शब्द आमच्याजवळ. आणि त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की ही माहिती त्यांची आहे. शिकलेल्यांची, गाडीवाल्यांची, शिक्षिकांची, डॉक्टरीणबाईंची. आपण विचारलं की हसतात. मी परत कुणाला विचारलं नाही. हा माझा गुन्हा. तो मी लपवत नाही.

गावाजवळ हातखंब्याला एक डॉक्टर बसतात. त्यांनी लावायला मलम दिलं, गोळ्या दिल्या. आई म्हणायची, "तिखट झोंबताय गो. बाकी काय नाय." मग आमटी बंद झाली. मग भाकरी. मग तोंडच उघडेना. चमचा आडवा करून मी पेज घालायचे. मानेला गाठ आली तेव्हा मुंबईहून भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. मीही गेले.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेतलं. मी बाहेर बाकावर. समोर एक टेबल होतं, त्यावर पुस्तिका मांडलेल्या. एक बाई बसली होती. तिनं मला बोलावलं. "या, ताई. काय विचारायचं ते विचारा."

मला कळेना काय विचारायचं. इतके दिवस कुणी तसं म्हटलं नव्हतं.

तिनं समजावलं. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम दाखवायलाच हवी. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघायचं. जात नसतील तर थांबायचं नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही तोंड तपासतात. फोनवर माहिती मिळते, मराठीत, फुकट. कुठं जायचं, कागद कोणते लागतात, सगळं सांगतात. एवढं सांगायला तिला दहा मिनिटं लागली.

मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे कुणी सांगायला आलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "आले होते. मी चहा देत होते."

आई तीन महिन्यांत गेली. शेवटी तिला बोलताही येत नव्हतं. पाटीवर लिहायची. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती तिचं नाव आणि थोडंफार लिहायला शिकली होती. 'पानी' लिहायची. 'दुकतय' लिहायची.

मी परत सभागृहात कामाला लागले. पोट होतं. नवरा मुंबईत हॉटेलात, त्याचं येईल तेव्हा येईल.

वर्ष उलटलं. एक दिवस वहिनींनी मला फायलींचा गठ्ठा दिला. "झेरॉक्स करून आण. दोन प्रती. नीट क्रमानं लाव." मंडळाला मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं खेड्यांत कॅन्सरची माहिती द्यायचं काम दिलं होतं. त्याचा अहवाल जायचा होता.

दुकानात मशीन चालू होतं. मी पानं एकेक करून देत होते. एका पानावर आमच्या वाडीचं नाव दिसलं.

वर लिहिलं होतं, 'तोंडाच्या कर्करोगाबाबत माहिती दिली. महिलांच्या शंकांचे निरसन केले.' खाली चौतीस नावं. प्रत्येक नावापुढे अंगठा.

आमच्या वाडीत कुणी आलं नव्हतं. शिबिर झालं नव्हतं. नावांचा क्रम बघितला आणि कळलं. बागेच्या हजेरीची वही. माझ्याच हातची. तोच क्रम, तशीच नावं. जुनी वही काढून उतरवून घेतली होती.

नवव्या ओळीत माझी आई. ताराबाई. पुढे निळा अंगठा.

कागदावरच्या शिबिराच्या तारखेला आई मरून चार महिने झाले होते. आणि आई अंगठा लावायची नाही. कधीच. रेशनच्या दुकानातसुद्धा मशीनवर बोट ठेवायला लागायचं तर चिडायची. म्हणायची, "मना सही येता."

दुकानदारानं विचारलं, "किती प्रती?"

मी म्हटलं, "तीन."

दोन वहिनींना नेऊन दिल्या. एक माझ्याकडे राहिली. त्या म्हणाल्या, "शाब्बास, लवकर आणलीस." मी मान हलवली.

त्या अहवालात आणखी तीन गावांच्या याद्या होत्या. सुट्टीच्या दिवशी मी एकेका गावाला गेले. दोन गावांत बायांना शिबिर म्हणजे डोळ्यांचं, एवढंच माहीत. तिसरं गाव जयगडच्या बाजूला, खाडीवर. तिथं हसीना नावाची बाई अंगणात सुकट पसरत होती. मी त्या गावची यादी वाचून दाखवली. तिचं नाव होतं. अंगठाही होता. तिनं कागद हातात घेऊन बघितला. मग मला घरात घेऊन गेली आणि दार लोटलं. तिच्या छातीत गाठ होती. दोन महिने. नवरा बोटीवर, सासूला सांगायची लाज. कुणाला बोलली नव्हती.

"या कागदात लिवलंय ते खरंच कोणी सांगायला आलं असतं," ती म्हणाली, "तर मी त्यांना दाखवली असती."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिचे उपचार चालू आहेत. पुढचं सांगता येत नाही.

त्या दिवसापर्यंत मला आईसाठी राग होता. हसीनाच्या घरातून निघाले ती वेगळी होऊन. त्या अंगठ्यांच्या खाली जिवंत बाया होत्या. कागदावर त्यांना सगळं समजलेलं होतं, म्हणून आता त्यांच्याकडे कुणीच येणार नव्हतं.

मग समारंभ ठरला. कंपनीची माणसं मुंबईहून येणार. वहिनींचा सत्कार. दोन दिवस आधी त्यांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"तू बारावी झालीस ना गं? दोन शब्द बोल. आईचं सांग. माहिती मिळाली असती तर आई वाचली असती, आता मंडळामुळे गावात जागृती आली, असं. तुझ्यासारखीनं सांगितलं की लोकांना भिडतं."

मी म्हटलं, "बोलते."

"साडी जरा साधीच नेस."

"बरं."

त्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमच्या वाडीतल्या अकरा बाया आल्या. हसीना खाडीवरून आली. मी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, "या खुर्च्या राखीव आहेत." गंगूकाकी सत्तरीची. ती बसल्या बसल्या म्हणाली, "आमीच ते. यादीतल्या."

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. माईक हातात घेतला. वहिनी शाल पांघरून बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसल्या.

मी यादीतली नववी ओळ वाचली. नाव, गाव, तारीख. मग पिशवीतून आईचा मृत्यूचा दाखला काढला आणि त्यावरची तारीख वाचली. म्हटलं, "वहिनी, माझ्या आईनं मेल्यावर कुठली शंका विचारली? तुम्ही तिचं निरसन केलंत, असं लिहिलंय."

वहिनी म्हणाल्या, "माईक बंद करा."

माईक बंद झाला. मला गरज नव्हती. डोंगरावरून हाका मारून वाढलेले आम्ही. मी चौतीस नावं वाचली, एकेक करून. आलेली प्रत्येक बाई आपल्या नावाला उभी राहिली. गंगूकाकी म्हणाली, "मना कोणी काय सांगितला नाय. आंगठा माजा नाय." मग मी खाडीवरच्या यादीतलं हसीनाचं नाव वाचलं. ती उभी राहिली, आणि तिच्या हातात दवाखान्याची फाइल होती.

वहिनी उठल्या. शाल खाली पडली. चेहरा पांढरा पडला होता. मी बघत होते. डोळे भरून बघितलं मी. वाईट वाटलं नाही. मला त्यांना असंच बघायचं होतं, लोकांसमोर, तोंडातून शब्द न फुटताना.

कंपनीच्या माणसानं माझ्याकडची प्रत मागितली. मी त्याला तिची झेरॉक्स दिली. माझी प्रत दिली नाही. एवढं आता कळतं.

दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं. मी जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिली. चौकशी लागली. वहिनींनी अध्यक्षपद सोडलं. वर्तमानपत्रात आलं की प्रकृतीच्या कारणास्तव.

महिन्याभरानं मंडळाच्या सचिवबाई वाडीत आल्या. गाडी वरपर्यंत येत नाही. चढ चढून घामाघूम झाल्या होत्या. मी पाणी दिलं, बसायला दिलं.

"वहिनी घराबाहेर पडत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "बीपी वाढलंय. अंगठे त्यांनी लावले नाहीत, कुणा कार्यकर्त्यानं लावले. त्यांनी फक्त सही केली. झालं ते वाईट झालं. नवं काम येतंय, गावोगाव माहिती द्यायचं. तुलाच नेमू. चांगली बोलतेस. तक्रार तेवढी मागे घे."

"वहिनींना इथं आणा," मी म्हटलं. "चौतीस घरं आहेत. प्रत्येक दारात उभं राहून सांगू दे, की आम्ही आलो नव्हतो. मशेरीचा डबा कुणाच्या घरून यायचा तेही सांगू दे."

"ते कसं शक्य आहे?"

"मग तक्रार राहील."

त्या उठल्या. पायऱ्यांवर चप्पल घालता घालता म्हणाल्या, "हा सूड आहे तुझा."

"हो," मी म्हटलं. "सूडच आहे."

आता आंब्याचा हंगाम आहे. मी हातखंब्याला एका खानावळीत भाकऱ्या भाजते. सुट्टीच्या दिवशी बॅटरी घेऊन बागांच्या शेडवर जाते. आमच्या बाया, मजुरीला आलेल्या परगावच्या बाया, बागा राखायला आलेले नेपाळी, कुणालाही म्हणते, तोंड उघड, तीन बोटं घाल. त्या फुकट माहितीच्या फोनचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये मीच घालून देते. ज्याला वाचता येत नाही त्याला लावून देते, बोलायला लावते. वहिनींच्या बागेत मला मनाई आहे. मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहते. दुपारी बाया तिथं येतात.

पुढच्या आठवड्यात चौकशीत माझा जबाब आहे. सही करणाऱ्यांची आणि अंगठे लावणाऱ्यांची नावं मी विचारणार. सांगितली नाहीत तर वरच्या कार्यालयात जाणार. तिथं नाही झालं तर कोर्टात. वहिनींना शिक्षा झाली तरी मी त्यांना माफ करणार नाही. त्या रत्नागिरीत परत कुठल्याही व्यासपीठावर बसल्या, तर समोरच्या पहिल्या खुर्चीत मी बसलेली असेन. माईक चालू असो, बंद असो.